एकट्या ग्रंथपालाने विचारायचे कुणाला? एका महाविद्यालयीन ग्रंथालयाचे प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित वरिष्ठ महाविद्यालय आहे. कला आणि वाणिज्य अशा दोन शाखा. ग्रंथालयात साधारण सोळा हजार पुस्तके, त्यांतली निम्म्याहून कितीतरी जास्त मराठी. ग्रंथपालाचे पद एकच. सहायक ग्रंथपाल निवृत्त झाले, ती जागा पुढे भरलीच गेली नाही. देवघेवीच्या काउंटरवर एक परिचर, ज्यांना सगळे कॉलेज ‘मामा’ म्हणते. या प्रकरणातल्या ग्रंथपाल मॅडम तिथे रुजू झाल्या तेव्हा तिशीत होत्या, सेट ही राज्य पात्रता परीक्षा झालेल्या, कामाची हौस असलेल्या.

मी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. त्या काळात आमच्या विद्यापीठ परिक्षेत्रातल्या ग्रंथपाल संघटनेच्या कार्यकारिणीवर होतो. प्रकरण अर्ध्यावर आले तेव्हा मी त्यात ओढला गेलो. मॅडमनी हा मजकूर वाचून होकार दिला आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

आमच्या व्यवसायातली एक गोष्ट बाहेरच्यांना लवकर कळत नाही. इतिहासाच्या प्राध्यापकाला विभागात निदान एक सहकारी असतो, नाहीतर स्टाफरूममध्ये समाजशास्त्राचे कुणीतरी भेटते. ग्रंथपालाला ‘उपशीर्षक कुठल्या रकान्यात टाकू’ हे विचारायला त्या अख्ख्या आवारात माणूस नसतो. ग्रंथालय समिती असते, ती खरेदीच्या यादीवर सह्या करते. प्राचार्य चांगले असले तर बजेट देतात. पण कामाचे बोलायला कुणी नाही. ही जागा भरून काढायलाच तर ग्रंथालय संघ निघाले. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल असताना रंगनाथन यांनी १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ उभा करण्यात पुढाकार घेतला, आणि ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडणारे त्यांचे १९३१ चे पुस्तक याच संघाने प्रकाशित केले. भारतीय ग्रंथालय संघ १९३३ मध्ये कोलकात्यात स्थापन झाला. परंपरा मोठी आहे. प्रश्न हा, की तालुक्याच्या गावी एकटीने बसलेल्या ग्रंथपालापर्यंत ती पोचते कशी.

अडचण

कॉलेजचे ग्रंथालय सॉफ्टवेअर २००६ च्या सुमाराचे. एका स्थानिक व्यावसायिकाने करून दिलेले. त्याने पुढे धंदाच बंद केला. ते चालत होते एकाच जुन्या संगणकावर, आणि जून २०२२ मध्ये त्या संगणकाची हार्डडिस्क कुरकुरू लागली. त्याच वर्षी नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या पाहणीची, तयारी सुरू होती. नॅकच्या चौथ्या निकषात तेव्हा ग्रंथालयाचा भाग होता आणि तिथला पहिला प्रश्नच ग्रंथालय संगणकीकृत आहे का, कोणती प्रणाली वापरता, हा असे.

मॅडमनी ठरवले, कोहावर जायचे. कोहा ही न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालेली, २००० पासून वापरात असलेली मुक्त प्रणाली. परवान्याचे पैसे नाहीत, मराठी व्यवस्थित दिसते. कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेतल्या सरांनी ती एका संगणकावर बसवूनही दिली. अडले पुढे.

जुन्या सॉफ्टवेअरमधून पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये काढली, तर मराठी शीर्षकांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची रांग. नोंदी युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या, आधीच्या एका देवनागरी फॉन्टमध्ये केलेल्या. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर मराठी दिसते, एरवी नुसता गाळ. मॅडमनी इंटरनेटवरून एक रूपांतरक शोधला, यादी त्यातून काढली आणि कोहात शंभर नोंदी चढवून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी मामांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारले, “मॅडम, हे ‘इितहास’ काय लिहिलंय?”

‘इितहास’, ‘वगर्’, ‘धमर्’. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना हे शब्द पाहिल्याबरोबर पोटात खड्डा पडतो. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो: आधी ‘त’, मग वेलांटी, आधी ‘र्’, मग ‘ग’. साध्या रूपांतरकाने चिन्हे बदलली, क्रम तसाच ठेवला. विद्यार्थ्याने ‘इतिहास’ टाइप केले तर कोहा सांगणार, असे पुस्तक नाही. पुस्तक मात्र समोरच्या मांडणीवर उभे.

सगळे नव्याने टाइप करायचे तर? एका नोंदीला तीन मिनिटे धरली तर सोळा हजारांना आठशे तास. देवघेव सांभाळून रोज चार तास काढले तरी दोनशे दिवस. नॅकची पीअर टीम, म्हणजे पाहणी पथक, यायला आठ महिने होते, त्यात सुट्ट्या आणि परीक्षा.

समोरचे पर्याय

मॅडमनी वहीत पर्याय लिहून काढले होते. ती वही मी नंतर पाहिली.

पैसे देऊन काम करून घेणे हा पहिला. दोन व्यावसायिकांनी दर सांगितले. त्यातला कमीही ग्रंथालयाच्या त्या वर्षीच्या पुस्तक खरेदीच्या तरतुदीच्या निम्मा होता. शिवाय मराठीच्या शुद्धतेची हमी कुणी देईना.

मराठी नोंदी रोमन लिपीत टाकायच्या, हा दुसरा. काही ग्रंथालयांनी तसे केलेही आहे. मॅडमनी हा पर्याय वहीत लिहून लगेच खोडला. माझ्या मते या प्रकरणातला हा पहिला चांगला निर्णय. मराठी पुस्तक शोधायला मराठी मुलाने इंग्रजी स्पेलिंगचा अंदाज बांधत बसावे, हे कुणाच्याही सोयीचे नाही.

तिसरा पर्याय म्हणजे ज्यांनी हे आधी केले त्यांना गाठणे. इथे सदस्यत्वाचा प्रश्न आला, आणि इथेच बराच गोंधळ होता. तो गोंधळ मॅडमचा एकटीचा नव्हे. आमच्याकडे ‘मेंबरशिप’ हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींना वापरतात. डेलनेट किंवा एन-लिस्ट यांचे सदस्यत्व संस्थेचे असते. एन-लिस्टमधून अनुदानित महाविद्यालयांना त्या वेळी ५,९०० रुपयांत ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके मिळत, डेलनेटमधून दुसऱ्या ग्रंथालयाचे पुस्तक किंवा लेख मागवता येतो. दोन्ही उपयोगी, पण त्यातून वेलांटी जागेवर येत नाही. भारतीय ग्रंथालय संघाचे सदस्यत्व व्यक्तीचेही असते. त्यांचे नियतकालिक आणि परिषदा देशभरच्या. महाराष्ट्र राज्य ग्रंथालय संघ आणि जिल्हा ग्रंथालय संघ यांचे मुख्य काम १९६७ च्या कायद्याखालच्या सार्वजनिक ग्रंथालयांशी बांधलेले: वर्ग, अनुदान, सेवकांचे वेतन, प्रशिक्षण वर्ग. आणि विद्यापीठ परिक्षेत्रातली आमची संघटना, जिची वर्गणी सगळ्यांत कमी आणि जिच्याकडून अपेक्षाही सगळ्यांत कमी.

पहिली पावले आणि त्यांतल्या चुका

मॅडमनी सुरुवात सगळ्यांत लांबच्या टोकाकडून केली. स्वतःच्या खिशातून राष्ट्रीय संघाचे आजीव सदस्यत्व घेतले. पुढे पदोन्नतीच्या फाइलला लागेल, शिवाय ‘मोठ्या संघटनेत माहीतगार लोक असतील’ हा हिशेब. लोक होतेच. पण जिथे एकही चेहरा ओळखीचा नाही, तिथे मराठवाड्यातल्या कॉलेजच्या जुन्या फॉन्टबद्दल पत्र कुणाला लिहायचे? सदस्यत्वाची पावती फाइलला लागली, प्रश्न जागेवर राहिला.

मग ग्रंथपालांच्या एका मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी लिहिले: “कोहामध्ये मराठी डेटा कसा घ्यावा? कृपया मार्गदर्शन करावे.” उत्तरादाखल दोन नमस्कार, एका वेबिनारची लिंक आणि “सेम प्रॉब्लेम” असे एक वाक्य आले. हा संदेश मीही वाचला होता, आणि पुढे गेलो होतो. प्रश्न इतका मोकळा होता की उत्तर द्यायचे तर आधी दहा उलटप्रश्न विचारावे लागले असते, आणि कामाच्या वेळी ते कुणी केले नाही.

याच ग्रुपवरच्या एका अनोळखी माणसाने खासगीत “बॅकअप पाठवा, बघतो” असे कळवले. मॅडमनी संपूर्ण बॅकअप ईमेलने पाठवून दिला. त्यात पुस्तकांबरोबर वाचकांचे कोष्टकही होते: नऊशेच्या वर विद्यार्थ्यांची नावे, पत्ते, मोबाइल नंबर. त्या माणसाकडून पुढे काहीच आले नाही. काही गैर झाल्याचे दिसले नाही, तरी फाइल हातातून गेली ती गेली. त्यांतल्या निम्म्या मुली आहेत आणि त्यांचे नंबर आपण कुणाला दिले हे आपल्याला माहीत नाही, हा विचार मॅडमना अजून त्रास देतो. मी ही गोष्ट त्यांना विचारूनच इथे ठेवली आहे. अडचणीतला माणूस मदतीच्या पहिल्या हाताला सगळे देऊन बसतो, हे इतर ग्रंथपालांना कळावे असे त्यांनीच सांगितले.

बारा ऑगस्ट

१२ ऑगस्ट हा रंगनाथन यांचा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. आमच्या संघटनेचा कार्यक्रम त्या वर्षी माझ्या महाविद्यालयात होता. मॅडमनी ऑन ड्यूटी मागितली. प्राचार्य म्हणाले, हार-तुऱ्यांच्या कार्यक्रमाला ओडी देता येणार नाही. मॅडमनी किरकोळ रजा टाकली आणि सकाळच्या एसटीने आल्या.

प्राचार्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. आमची कार्यक्रमपत्रिका खरोखर तशीच होती: प्रतिमापूजन, सत्कार, प्रमुख पाहुण्यांचे भाषण, अध्यक्षीय समारोप, भोजन, प्रमाणपत्र वाटप. सदस्यांनी आपली अडचण मांडावी यासाठी त्यात पाच मिनिटेही नव्हती. ती पत्रिका मीच केली होती.

आभार संपले तेव्हा मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, “सर, दोन मिनिटं बोलू का?” त्यांच्या हातात एक छापील कागद होता. डावीकडे चाळीस शीर्षके जशी पडद्यावर दिसत होती तशी, उजवीकडे तीच जशी हवी होती तशी. त्यांनी कागदाच्या पंधरा प्रती काढून आणल्या होत्या. “मला हे डावीकडचं उजवीकडे न्यायचं आहे. कुणी केलंय का?”

शेवटच्या रांगेत दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले एक ग्रंथपाल बसले होते. त्यांनी प्रत घेतली, खिशातली पेन्सिल काढली आणि एकेका शब्दावर खुणा करत गेले. जेवणाची पंगत बसेपर्यंत त्यांच्या खुणा झाल्या होत्या. “चाळीस चुका नाहीत या. दोनच आहेत. एक वेलांटीची, एक रफाराची.” आणि मग टेबलाभोवती उभे असलेल्यांपैकी एकेक जण बोलू लागला. माझ्याकडे असाच डेटा पडून आहे. आमच्याकडेही. मीही बोललो, कारण माझ्या ग्रंथालयातही अकरा हजार नोंदी तशाच होत्या, आणि मी त्या कपाटात बंद करून ठेवल्यासारख्या विसरलो होतो.

महिन्यापूर्वीच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात आणि या कागदात प्रश्न तोच होता. फरक एवढाच की कागदावर कुणालाही पेन्सिल चालवता येत होती.

काम कसे झाले

पहिला निर्णय संघटनेचा होता. दोघातिघांनी मॅडमना खासगी मदत करायची, की संघटनेने हे काम म्हणून घ्यायचे? कार्यकारिणीत दोन मते पडली. काहींना वाटत होते, एकाचे केले तर सगळे मागतील. शेवटी ठरले की सगळ्यांनी मागावे म्हणूनच करायचे. दोन दिवसांची कार्यशाळा ठेवली, सात महाविद्यालयांनी आपापला डेटा घेऊन यायचे, आणि प्रत्येक प्राचार्यांना संघटनेच्या लेटरहेडवर पत्र गेले. त्या पत्रात ‘नॅक’, ‘ग्रंथालय संगणकीकरण’ आणि ‘प्रत्यक्ष काम’ हे शब्द होते. या वेळी मॅडमना ऑन ड्यूटी मिळाली. संघटनेचे वजन म्हणतात ते इतके साधे असते: एकटीचा अर्ज आणि सात जणींचे पत्र यांतला फरक.

दुसरा निर्णय मॅडमचा. या वेळी त्यांनी वाचकांचे कोष्टक आधी काढून टाकले आणि फक्त पुस्तकांची यादी आणली. वाचकांच्या नोंदी नव्या वर्षाच्या प्रवेश यादीवरून कोहात ताज्या घेतल्या. जुन्या वाचकांपैकी बहुतेक जण कॉलेज सोडून गेलेलेच होते.

तिसरा निर्णय क्रमाचा. आधी कोहात चढवायचे आणि मग तिथे दुरुस्त करायचे, की आधी एक्सेलमध्ये दुरुस्त करायचे? माझा कल पहिल्याकडे होता, नॅकसाठी आकडा तरी दिसेल म्हणून. निवृत्त सरांनी तो मोडून काढला. चुकीची नोंद एकदा चढली की लेबले छापली जातात, बारकोड चिकटतात, आणि मग ती सुधारायला कुणी बसत नाही. आम्ही आधी दुरुस्तीच केली.

एका महाविद्यालयातल्या संगणकाच्या मॅडमनी एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप बदल करणारी छोटी आज्ञावली, लिहिला. पहिल्या दिवशी ‘इतिहास’ सुधारला, पण ‘स्थिती’ झाली ‘सि्थती’. वेलांटी एकाच अक्षरावरून उडी मारत होती. जोडाक्षर असेल तर तिने पूर्ण जोडाक्षर ओलांडायला हवे. ‘वर्ग’ सुधारला, पण ‘कर्ता’चा अजून ‘कतार्’च, रफाराने काना मागे टाकून ‘त’च्याही आधी जायला हवे. ही उदाहरणे संगणकाच्या मॅडमना कोण देणार? ग्रंथपालच. दोन दिवस तेच चालले. एकीने शब्द वाचायचा, दुसरीने नियम सांगायचा, तिसरीने तो चालवायचा. भाषा कळणारे आणि यंत्र कळणारे एका टेबलाशी बसले की काम किती सरकते हे मी तिथे पाहिले. एकेका कॉलेजात सुटे बसून आम्ही ते वर्षभरात केले नसते.

दुरुस्त झालेली यादी मार्कएडिट या मोफत साधनातून मार्क रूपात, म्हणजे ग्रंथालयीन नोंदींच्या ठरलेल्या आराखड्यात, नेली. शीर्षक २४५ क्रमांकाच्या रकान्यात, लेखक १०० मध्ये, प्रतीचा तपशील कोहाच्या ९५२ मध्ये. दोनशे नोंदींची चाचणी, मग हजारच्या गठ्ठ्यांनी बाकीचे.

मॅडमच्या यादीतल्या साधारण अकराशे नोंदी कुठल्याच नियमात बसेनात. मुळातच चुकीच्या टाइप झालेल्या, अर्धवट, काही ठिकाणी लेखकाच्या जागी प्रकाशक. त्या पुस्तक हातात घेऊनच करायच्या असे ठरले. मामा अ‍ॅक्सेशन रजिस्टरमधून, म्हणजे दाखल पुस्तकांच्या नोंदवहीतून, दाखलांक वाचून पुस्तक आणून देत, मॅडम नोंद करत. त्यात साठच्या वर पुस्तके जागेवर नसल्याचे कळले, काही तर सात-आठ वर्षे परत न आलेली. न मागता साठा पडताळणी सुरू झाली.

निष्पत्ती

फेब्रुवारी २०२३ मध्ये मॅडमच्या ग्रंथालयाचा मराठी कॅटलॉग मुलांसाठी खुला झाला. पीअर टीममधल्या एका सदस्यांनी स्वतः मराठीत एक शीर्षक शोधून पाहिले आणि ते सापडले. कॉलेजच्या श्रेणीत याचा वाटा किती, ते सांगता येणार नाही. मामांना मात्र आता मराठी नाव टाइप करून पुस्तक शोधता येते, आणि काउंटरवर ‘मॅडम येऊ द्या’ हे वाक्य कमी झाले.

सातांपैकी चार महाविद्यालये कोहावर आली. एकाने दुरुस्त केलेला डेटा इन्फ्लिबनेट या केंद्रीय संस्थेच्या सोल या ग्रंथालय प्रणालीत नेला, तेही चांगलेच झाले. दोघांचे काम अजून अडकून आहे. एका ठिकाणी ग्रंथपाल निवृत्त झाले आणि जागा रिकामी आहे. तिथे आमची संघटना काही करू शकलेली नाही.

गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल एक दिवस मॅडमकडे येऊन गेले. शासनाच्या वर्गवारीत ‘ब’ वर्गाचे वाचनालय, ते जिल्हा ग्रंथालय संघाचे जुने सदस्य. त्यांच्याकडे याच प्रकारचा डेटा होता. एका गावातली दोन ग्रंथालये, चालत दहा मिनिटांचे अंतर, आणि दोन्ही ग्रंथपालांची ही पहिली भेट. मॅक्रो त्यांनाही दिला.

काय वेगळे करता आले असते

मॅडमनी जवळच्या वर्तुळातून सुरुवात करायला हवी होती, हे त्या स्वतः म्हणतात. एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरात किती ग्रंथपाल आहेत, त्यांची यादी आधी करायची. राष्ट्रीय सदस्यत्व वाईट नाही, पुढे शोधनिबंध लिहिताना त्यांना त्याचा उपयोगही झाला. पण जूनमध्ये हवी होती ती चाळीस किलोमीटरवरची व्यक्ती.

वाचकांचा डेटा बाहेर देण्यावर आम्ही आता संघटनेत एक साधा नियम केला आहे: मदत मागताना फक्त पुस्तकांच्या वीस-पंचवीस नोंदी पाठवायच्या, वाचकांचे काहीही नाही. हा नियम आधी लेखी असता तर ती फाइल गेली नसती. यात चूक मॅडमपेक्षा आमची जास्त आहे, कारण नव्या ग्रंथपालाला हे सांगणे संघटनेचेच काम होते.

माझ्याकडून झालेली चूक म्हणजे मॅडमचा तो जुलैतला व्हॉट्सअ‍ॅप संदेश वाचून पुढे जाणे. “फॉन्ट कोणता आहे? दहा ओळींचा नमुना टाका,” एवढे लिहायला मला अर्धे मिनिट लागले असते. सदस्यांची यादी आमच्याकडे होती, पण कुणाला काय येते याची नोंद नव्हती. निवृत्त सरांनी नव्वदच्या दशकात फॉन्टवर काम केले होते हे कार्यकारिणीतल्या कुणालाच माहीत नव्हते. आता सदस्यत्वाच्या अर्जात एक रकाना वाढवला आहे: ‘कोणत्या कामात दुसऱ्याला मदत करू शकाल?’ आणि निवृत्त सदस्यांना वर्गणी माफ आहे.

कार्यक्रमपत्रिकेत सत्काराच्या आधी चाळीस मिनिटे अडचणींसाठी ठेवली आहेत. अट एवढीच, की अडचण कागदावर आणायची.

एक काम मात्र उघडे आहे. चार ग्रंथालयांचे कॅटलॉग शेजारी ठेवले तेव्हा एकाच लेखकाची पाच-सहा रूपे दिसली: आडनाव आधी, नाव आधी, आद्याक्षरे, कुठे टोपणनाव, कुठे खरे नाव. म्हणून लेखकांच्या नावांची एक सामाईक यादी करतो आहोत. ती मॅडमकडे आहे. आत्तापर्यंत चारशेच्या वर नावे झाली. कवी टोपणनावाने ओळखला जात असेल तर मुख्य नोंद टोपणनावाखाली करायची की खऱ्या नावाखाली, यावर आमचे एकमत नाही. निवृत्त सर टोपणनावाच्या बाजूचे आहेत, मॅडम आणि मी अजून विचार करतो आहोत. पुढची बैठक मॅडमच्या ग्रंथालयात आहे.